पंडरीच्या मतदाराला न दिसणारी निवडणूक

राज्यसभेत छत्तीसगडच्या पाच जागा आहेत. त्यांपैकी एखादी रिकामी झाली, तरी रायपूरच्या पंडरीत, कापड बाजाराच्या गर्दीत, ना प्रचाराचा भोंगा वाजतो ना मतदान केंद्र उघडते. तिथल्या मतदाराच्या वतीने त्याचा आमदार मत देतो.

आमदार मतपत्रिकेवर नावांपुढे 1, 2 असे पसंतीक्रम लिहितो. विधानसभेच्या सर्व 90 आमदारांची मते वैध ठरली, तर एका जागेसाठी 46 आणि एकदम दोन जागा भरायच्या असतील तर प्रत्येकी 31 मते लागतात. 2003 पासून हे मतदान खुले आहे. मतपेटीत टाकण्यापूर्वी मतपत्रिका आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. इतर कोणाला दाखवली तर मत बाद होते. जून 2022 मध्ये महाराष्ट्रात आमदार सुहास कांदे यांचे मत मतपत्रिका दाखवण्यावरूनच बाद ठरले. शाईलाही महत्त्व आहे. 2016 मध्ये हरियाणात वेगळ्या शाईमुळे अनेक मते बाद झाली. आता निवडणूक आयोगच जांभळ्या शाईचे पेन पुरवतो.

छत्तीसगडमध्ये मात्र मतपेटीपर्यंत वेळ क्वचितच येते. मार्च 2018 मध्ये ती आली. भूषणलाल जांगडे यांची मुदत संपत होती. त्या एका जागेसाठी भाजपच्या सरोज पांडे यांना 51, तर काँग्रेसचे लेखराम साहू यांना 36 मते मिळाली. 2024 मध्ये पांडे यांच्या जागी देवेंद्र प्रताप सिंह बिनविरोध गेले.

बिनविरोध निवडीत सगळा निर्णय उमेदवारी ठरतानाच होतो, आणि खरा प्रश्न तिथेच आहे. 2022 मध्ये 71 आमदारांच्या बळावर काँग्रेसने रिकाम्या झालेल्या दोन्ही जागा घेतल्या. निवडून आले उत्तर प्रदेशातले राजीव शुक्ला आणि बिहारच्या माजी खासदार रंजीत रंजन. उमेदवार त्याच राज्याचा मतदार असावा ही अट 2003 मध्ये काढून टाकण्यात आली होती. पत्रकार कुलदीप नय्यर यांनी या बदलाला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये फेटाळले. त्यामुळे बाहेरचे उमेदवार देणे कायदेशीरच होते. तरीही ‘बाहेरचा उमेदवार’ ही स्थानिक तक्रार रास्त आहे: राज्यांचे सभागृह म्हणवणाऱ्या सभेत छत्तीसगडची बाजू मांडणारा माणूस तिथला असावा, एवढीच ती मागणी आहे. ती मान्य करायला कायदा बदलण्याचीही गरज नाही. पक्षांनी उमेदवार राज्यातून निवडले तरी पुरे.