वाळूतील खनिजबंध आणि विजेची परीक्षा

1964 मध्ये जपानमधील नीगाता येथे भूकंपाच्या हादऱ्यांनी पाण्याने भरलेली सैल वाळू द्रवासारखी वागू लागली आणि इमारती कलंडल्या. अशी वाळू बळकट करण्याच्या एका पद्धतीत स्पोरोसार्सिना पाश्चुरी हे जिवाणू, युरिया आणि कॅल्शियम क्लोराइड जमिनीत सोडले जातात, तेव्हा जिवाणूंच्या विकरामुळे युरियाचे विघटन होऊन कणांच्या सांध्यांवर कॅल्साइट हे खनिज साचते. ते सर्वत्र सारखे साचले का, हे खोदकामाविना कळावे म्हणून विद्युताग्रांतून सौम्य प्रवाह सोडून रोधकता, म्हणजे मातीचा विद्युत्प्रवाहाला होणारा विरोध, मोजतात. छिद्रे भरली की रोधकता वाढते; परंतु विघटनातून आलेले अमोनियम आयन छिद्रांतील पाण्याची वाहकता वाढवून हा बदल झाकू शकतात, म्हणून त्या पाण्याची रोधकता स्वतंत्रपणे मोजून मातीच्या रोधकतेशी तिचे गुणोत्तर काढणे अत्यावश्यक ठरते.