घरी किती द्यायचा?

"घरी किती द्यायचा?" वकीलबाईंनी विचारलं.

पुण्याच्या शिवाजीनगर न्यायालयाजवळचं छोटंसं ऑफिस. समोर बसलेल्या आईनं आधी नवऱ्याकडे पाहिलं. "सगळंच द्यायचा, मॅडम. पेट्रोलपुरते ठेवायचा फक्त." मुलगा चोवीस वर्षांचा. चाकणच्या कारखान्यात कंत्राटावर, पगार वीस हजार. रात्रपाळी संपवून मोटरसायकलवरून येताना मागून आलेल्या कारनं उडवलं. वकीलबाईंनी पॅडवर लिहिलं: वय २४. २०,०००. अविवाहित. आणि त्याखाली एकच शब्द, निम्मे.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातला हिशोब या निम्म्याभोवती फिरतो. मृत व्यक्ती अविवाहित असेल, तर तिच्या उत्पन्नातलं निम्मं ती स्वतःवरच खर्च करत होती असं धरायचं, हे सर्वोच्च न्यायालयानं २००९च्या सरला वर्मा निकालात घालून दिलं. त्याच निकालानं वयानुसार गुणक ठरवले. पंधरा ते पंचवीस वयाला १८. २०१७च्या प्रणय सेठी निकालानं भविष्यातल्या पगारवाढीची भर घातली. चाळिशीच्या आतल्या ठरावीक पगारी माणसाला ती ४० टक्के मिळते. म्हणजे वर्षाचे दोन लाख चाळीस हजार, वाढ धरून तीन लाख छत्तीस हजार, त्याचे निम्मे एक लाख अडुसष्ट हजार, गुणिले अठरा. वकीलबाईंनी आकडा मोठ्यानं वाचला: तीस लाख चोवीस हजार.

आईचं लक्ष त्या आकड्याकडे नव्हतं. "निम्मे का?" तिनं विचारलं. "तो कुठं निम्मे खर्च करत होता?"

मग तिनं पिशवीतून पासबुक काढलं. दर महिन्याच्या सात-आठ तारखेला मुलाच्या खात्यातून तिच्या खात्यात पैसे आलेले होते. कधी पंधरा हजार, कधी साडेसोळा, दिवाळीच्या महिन्यात अठरा. वकीलबाई एकेका नोंदीखाली पेन्सिलीनं रेघ मारत गेल्या. मुलानं पैसे रोख दिले असते, तर ही रेघ मारता आली नसती. हातात पैसे ठेवून आईच्या पाया पडणाऱ्या मुलांच्या घरी असा पुरावा उरत नाही. अशा घरांवर हा हिशोब अन्याय करतो, यात शंका नाही.

निम्म्याला अपवाद आहे. विधवा आई आणि कमावती नसलेली लहान भावंडं यांसारख्या मोठ्या कुटुंबाचा भार मुलावर असेल, तर वजावट एक तृतीयांशावर येऊ शकते. इथं धाकटी बहीण बारावीत, भाऊ आठवीत. वडील मार्केट यार्डात हमाली करायचे. पाठीचं दुखणं बळावल्यापासून घरीच. मात्र वडील सहसा मुलावर अवलंबून धरले जात नाहीत, आई धरली जाते. त्यामुळे वडिलांना दवाखान्याचे कागद दाखवावे लागणार. "उलटतपासणीत विमा कंपनीचे वकील विचारतील, काका, तुम्ही धडधाकट दिसता, काम का करत नाही? रागवायचं नाही," वकीलबाई म्हणाल्या. काकांनी मान हलवली. शर्टाखाली कमरेचा पट्टा बांधलेला होता.

बाकीची कागदपत्रं ठरलेली: एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, पीएम रिपोर्ट, कारचं आरसी, विमा पॉलिसी, चालकाचा परवाना. चालकावर निष्काळजीपणाचा फौजदारी खटला सरकार चालवतं. तो सुटला तरी भरपाईचा दावा आपोआप बुडत नाही. धडक देणारं वाहन सापडलंच नाही, तर हिट अँड रनच्या योजनेतून दोन लाख मिळतात. कोणाचीही चूक सिद्ध न करता मिळणारे पाच लाखही कायद्यात आहेत, पण ते ठरलेल्या प्रक्रियेतून स्वीकारले की न्यायाधिकरणातला दावा संपतो. हे ठाऊक नसताना कुणीही सही करू नये, हे वकीलबाईंनी दोनदा बजावलं.

दावा दाखल करायची मुदत सहा महिन्यांची. १९९४मध्ये संसदेनं ही मुदत काढून टाकली होती. २०१९च्या दुरुस्तीनं ती परत आणली आणि १ एप्रिल २०२२पासून ती लागू झाली. तरण्या मुलाचं दुःख पचवायच्या आत आईबापांनी कचेऱ्यांच्या पायऱ्या चढाव्यात, ही अपेक्षा निर्दयी आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे. तरी कुणी त्या भरवशावर थांबू नये.

मुलगा गेल्याच्या दुःखापोटी आईवडिलांना प्रत्येकी चाळीस हजार, ही रक्कम २०१८च्या एका निकालानं मान्य केली. दर तीन वर्षांनी ती दहा टक्क्यांनी वाढते. वकीलबाईंनी ती पॅडवर लिहिली, पण मोठ्यानं वाचली नाही.

त्यांनी वरचं निम्मे खोडलं आणि एक तृतीयांश लिहून हिशोब पुन्हा मांडला. चाळीस लाख बत्तीस हजार. "मागू आपण हे. मिळेलच असं नाही," त्यांनी सांगितलं. बहिणीच्या कॉलेजच्या फीची पावती, भावाचा शाळेचा दाखला, कंत्राटदाराकडून पगाराचं पत्र, पासबुकाच्या मागच्या तीन वर्षांच्या नोंदी. आईनं प्रत्येक कागदाचं नाव परत म्हणून घेतलं. कंत्राटदार पत्र देईल का, एवढंच तिनं विचारलं. नाही दिलं तर साक्षीसमन्स काढून त्याला न्यायाधिकरणात बोलावता येतं, असं वकीलबाईंनी सांगितलं आणि वकीलपत्र तिच्यापुढे सरकवलं.