घराजवळची लेणी, अंगावर येणारा चढ

चंक्रमणाचे, म्हणजे जागरूकपणे चालण्याचे, पाच लाभ तथागतांनी भिक्खूंना सांगितल्याचे अंगुत्तर निकायात आहे. लांबचा प्रवास झेपतो, प्रयत्नाची ताकद येते, आजार कमी होतात, खाल्लेले अन्न नीट पचते आणि चालताना साधलेली समाधी जास्त काळ टिकते. यातले चार लाभ सरळ आरोग्याचे आहेत. आपल्या समाजाला तर पहिल्या लाभाची दरवर्षी गरज पडते. दीक्षाभूमीवर असो की ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर, तासन्‌तास चालावे लागते, रांगेत उभे राहावे लागते. ते शरीराला झेपते का, हे घराजवळचा एखादा डोंगरही सांगतो. आम्हा दोघांना ते औरंगाबादच्या बुद्ध लेण्यांनी सांगितले.

ही लेणी विद्यापीठामागच्या डोंगरात आहेत. पश्चिमेला १ ते ५ क्रमांकाची, पूर्वेला ६ ते ९ क्रमांकाची लेणी आणि मध्ये सुमारे एक किलोमीटरचे अंतर. क्रमांक ४ चे चैत्यगृह त्यांत सर्वांत जुने. अशोक विजयादशमीला येथे उपासक-उपासिकांची मोठी गर्दी होते. गर्दीत शिल्पे निवांत पाहता येत नाहीत, म्हणून पुढच्या रविवारी सकाळी आम्ही निघालो. आमच्यापैकी एकजण ५८ वर्षांचा, एकजण ५३ वर्षांची. तिला मधुमेहाची गोळी सुरू आहे. डोंगर आमच्या गच्चीवरून दिसतो. तास-दीड तासाची फेरी, असाच अंदाज होता.

पायऱ्या चढून तिसऱ्या लेण्यात पोहोचलो. बुद्धमूर्तीसमोर गुडघे टेकून बसलेले उपासक-उपासिका दगडात पाहताना दम कधी ओसरला ते कळले नाही. पुढे दुसरा गट पाहिला आणि माथ्याकडे जाणारी पायवाट धरली. तिथून चित्र बदलले. पायाखाली सुटा मुरूम, सावली नाही, वरून ऑक्टोबरचे ऊन आणि तापलेला काळा दगड. दहा पावलांवर थांबावे लागत होते. दुसरा तास संपत आला तेव्हा तिचे हात थरथरू लागले, घाम थंड पडला, बोलणे तुटक झाले.

घाम दोघांनाही आला होता. पण थरथर, अचानक लागलेली भूक, धडधड आणि गोंधळल्यासारखे होणे ही रक्तातली साखर उतरल्याची लक्षणे असतात. चढताना स्नायू भराभर साखर वापरतात आणि काही गोळ्या किंवा इन्सुलिन ती आणखी खाली आणतात. साखर ७० च्या खाली गेली की लगेच उपाय करावा लागतो. मोजण्याचे यंत्र जवळ नसेल तर कमी झाली असे धरूनच चालावे. आम्ही एका खडकाच्या सावलीत बसलो. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून तिला दिली. पंधरा मिनिटांत थरथर थांबली, मग गूळ-शेंगदाणे खाल्ले. हा क्रम लक्षात ठेवावा: शेंगदाण्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते, म्हणून आधी नुसती साखर. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये.

माथा समोर दिसत होता. आम्ही तिथूनच परतलो.

उतरणे सोपे असते हा समज गुडघे लगेच दूर करतात. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार रोखून धरतात. त्यामुळे खरे दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येते. आम्हाला दोन दिवस घराचा जिना आडवा होऊन उतरावा लागला. असे दुखणे हलके चालत राहिल्याने चार-पाच दिवसांत जाते. लघवी गडद तपकिरी झाली तर मात्र डॉक्टरांकडे जावे.

लेणी पाहायला जरूर जावे, पण काही गोष्टी सांभाळून. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस भरभर चालण्याची सवय आधी लावावी. चढताना बोलता येईल इतकाच वेग ठेवावा; वाक्य पुरे होत नसेल तर थांबावे. पाणी थोडे थोडे पीत राहावे. उतरताना पावले लहान, गुडघे किंचित वाकलेले आणि हातात काठी. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर त्या दिवशी गोळी आणि जेवण कसे घ्यावे हे डॉक्टरांना आधी विचारावे. आपल्या मनाने गोळी बंद करू नये. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, थांबूनही न ओसरणारी धाप, यांपैकी काहीही झाले तर एक पाऊलही पुढे न टाकता १०८ ला फोन करावा.

सोण नावाच्या भिक्खूने चंक्रमण करता करता पाय रक्तबंबाळ करून घेतले होते. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. तार फार ताणली किंवा फार सैल सोडली तर वीणा वाजते का, असे विचारून तथागतांनी त्याला प्रयत्नातला समतोल समजावला. शेवटची वर्षे मधुमेह आणि पायांचे दुखणे सोसत बाबासाहेबांनी काम केले. आज आपल्याकडे तपासणीची साधने आहेत, औषधे आहेत. घराघरांतल्या चाळिशीपुढच्या माणसांनी साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा आणि संध्याकाळी विहारापर्यंत गाडी न काढता पायी जावे. पुढच्या विजयादशमीला लेण्यांच्या पायऱ्या मग नक्की कमी वाटतील.

जय भीम!