मध्यस्थानाचा शोध

वाशीम हे विदर्भातील एक पुरातन नगर होय. त्याचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटक राजवंशाच्या एका शाखेची ती राजधानी होती. सातव्या शतकात होऊन गेलेल्या पहिल्या भास्कराचार्यांनी ‘महाभास्करीय’ या ग्रंथात लंकेपासून उत्तरेस मेरूपर्यंत जाणारी एक मध्यरेषा सांगितली आहे. तिच्यावरील स्थानांत अवंतीबरोबर वत्सगुल्माचेही नाव येते. ग्रहांचे गणित या रेषेपासून करीत. वाशीमच्या मध्यमेश्वर मंदिराचा संबंधही लोक या रेषेशी जोडतात.

ही रेषा गणिताच्या सोयीसाठी मानलेली होती. पृथ्वी विश्वाच्या मध्यभागी आहे, ही गोष्ट मात्र सत्यच समजली जाई. सूर्य, चंद्र व ग्रह आपल्याभोवती फिरताना डोळ्यांना दिसतात. मग शंका कोणी घ्यावी? ग्रीक ज्योतिषी टॉलेमी यानेही दुसऱ्या शतकात हेच मत मांडले.

परंतु ग्रहांची चाल या मताला अडचणीची होती. पूर्वेकडे सरकणारा मंगळ मध्येच थबकतो, काही दिवस उलटा चालतो आणि पुन्हा पूर्वेकडे वळतो. यालाच ग्रह वक्री होणे म्हणतात. याचा मेळ घालण्यासाठी टॉलेमीने मोठ्या वर्तुळावर लहान वर्तुळ कल्पिले. भारतीय ज्योतिषांनीही मंदवृत्त व शीघ्रवृत्त मानून गणित बसविले.

इ. स. ४९९ मध्ये आर्यभटाने पृथ्वी स्वतःभोवती फिरते असे सांगितले. तथापि तिचे मध्यस्थान त्याने कायम ठेवले. तसे असेल तर आकाशात उडालेले पक्षी आपल्या घरट्यांकडे कसे परततील, असा आक्षेप वराहमिहिराने घेतला. पृथ्वीबरोबर तिच्यावरील हवाही फिरते, हे त्याचे उत्तर आज आपल्याला ठाऊक आहे.

१५४३ मध्ये कोपर्निकसचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याने सूर्याला मध्यस्थानी मानले व पृथ्वीला ग्रहांच्या रांगेत बसविले. दोन बैलगाड्या एकाच दिशेने चालल्या असता वेगवान गाडीतल्या माणसाला मंद गाडी मागे सरकल्यासारखी भासते. पृथ्वी मंगळाला ओलांडून पुढे जाते, तेव्हा मंगळही तसाच भासतो. १६०९ मध्ये केप्लरने ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचे दाखविले. १६१० मध्ये गॅलिलिओला दुर्बिणीतून गुरूभोवती फिरणारे चार चंद्र दिसले. सर्व ज्योती पृथ्वीभोवतीच फिरतात, हे मत तेथे ढासळले. हे भ्रमण कोणत्या बलाने चालते, याचा उलगडा १६८७ मध्ये न्यूटनने गुरुत्वाकर्षणाच्या नियमाने केला.

पुढे सूर्याचेही मध्यस्थान गेले. तो आकाशगंगेच्या केंद्रापासून सुमारे २६,००० प्रकाशवर्षे दूर आहे. मध्यरेषेचे स्थानही पालटले. वाशीम उज्जयिनीच्या सरळ दक्षिणेस नसून सव्वा अंशाहून अधिक पूर्वेस आहे, असे आजचे मोजमाप सांगते. आणि १८८४ मध्ये वॉशिंग्टन येथील परिषदेने ग्रीनिचची रेषा शून्य रेखांश म्हणून निवडली.

आपण मध्यभागी आहोत, हा विचार मनाला सुखावणारा होता. तरीही निरीक्षणाशी जुळेना, तेव्हा माणसाने तो सोडला. विज्ञानाची वाढ अशीच होत आली आहे.