स्थळ चांगले आहे, पण मुलीला विचारले का?
किशोरींच्या विज्ञान-प्रेमकादंबऱ्यांविषयी थोडेसे

आठवी-नववीच्या पुढे गेलेल्या मुलींच्या दप्तरात किंवा मोबाईलमध्ये हल्ली एका वेगळ्या प्रकारच्या इंग्रजी कादंबऱ्या दिसतात. कथा भविष्यकाळातली. यंत्रे आहेत, जुलमी राजवट आहे, सोळा-सतरा वर्षांची नायिका आहे आणि एक प्रेमकहाणीही आहे. साधारण बारा ते अठरा वयाच्या वाचकांसाठी लिहिलेल्या या साहित्याला इंग्रजीत ‘यंग ॲडल्ट’ म्हणतात.

‘प्रेमकहाणी’ हा शब्द कानावर पडला की आपल्या घरांत बहुधा दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर पुस्तक काढून कपाटावर ठेवले जाते, नाहीतर “इंग्रजी सुधारतेय ना, मग वाचू दे” म्हणून सोडून दिले जाते. दोन्ही घरांत अम्मी-अब्बूंना पुस्तकात काय आहे ते कळत नाही. ते कळायला हवे, कारण यातल्या काही चांगल्या कादंबऱ्यांचा खरा विषय आपल्या घरात रोज बोलला जाणारा आहे. मुलीच्या आयुष्याचा निर्णय कोण घेणार, हा तो विषय.

ॲली काँडी या अमेरिकन लेखिकेची ‘मॅच्ड’ ही कादंबरी 2010 साली आली. लेखिका होण्याआधी त्या हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवत होत्या. त्यांच्या कथेतल्या समाजात सगळे काही हिशोबाने चालते. कोणी काय काम करायचे ते ठरलेले, म्हाताऱ्या माणसाने ऐंशीव्या वर्षी जगाचा निरोप घ्यायचा तेही ठरलेले. वाचायला शंभरच कविता ठेवल्या आहेत, बाकीच्या नष्ट केल्या आहेत. मुलांना हाताने लिहिता येत नाही, सगळे यंत्रावर. आणि सतराव्या वर्षी, ज्यांना लग्न करायचे आहे त्यांचा जोडीदार सरकारी हिशोबातून जाहीर होतो. त्यासाठी मोठी दावत असते, नवे कपडे असतात, सगळे घर आनंदात असते.

कॅसिया या नायिकेचा जोडीदार ठरतो झँडर, तिचा लहानपणापासूनचा मित्र. देखणा, हुशार, मनाने चांगला. कोणत्याही आईला आवडावा असा रिश्ता. पण त्याची माहिती पाहताना पडद्यावर क्षणभर दुसऱ्याच मुलाचा, कायचा, चेहरा चमकून जातो आणि कॅसियाच्या मनात पहिल्यांदा शंका येते. हा निर्णय माझा आहे का?

लेखिकेने झँडरला वाईट दाखवलेले नाही, ही या पुस्तकाची मोठी जमेची बाजू आहे. तो दारुडा किंवा मारकुटा असता तर प्रश्न सोपा झाला असता. कॅसियाचे आईवडीलही याच पद्धतीने जोडले गेले आहेत आणि त्यांचे एकमेकांवर खरे प्रेम आहे. म्हणजे यंत्राची निवड चुकतेच असे नाही. तरीही मुलीला कोणी विचारले नाही, हे उरतेच. आपल्याकडे “स्थळ चांगले आहे, मग अडचण काय?” असे म्हणून बोलणे संपवले जाते. ‘मॅच्ड’ वाचणारी मुलगी समजून जाते की हे दोन वेगळे प्रश्न आहेत. स्थळ चांगले असणे एक, आणि मुलीची मर्जी दुसरी.

आता हे काही परक्या संस्कृतीतून आलेले खूळ आहे, असे समजू नये. हजरत खन्सा बिन्ते खिदाम (रजि.) यांचा प्रसंग सहीह बुखारीत आहे. त्यांचा आधी एक विवाह झालेला होता. वडिलांनी त्यांच्या मनाविरुद्ध त्यांचा निकाह लावला. त्या प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे गेल्या आणि प्रेषितांनी तो निकाह रद्द ठरवला. कुमारिकेचीही परवानगी घ्यावी अशी शिकवण हदीसमध्ये आहे. निकाहाच्या वेळी वकील आणि साक्षीदार मुलीकडे जाऊन विचारतात ते याचसाठी. पण मंडप सजला, बिर्याणीची डेग चढली, पाहुणे बसले, अशा वेळी विचारलेल्या प्रश्नाला मुलगी ‘हो’शिवाय काय म्हणणार? विचारायची खरी वेळ पैगाम येतो तेव्हाची असते.

दुसरे पुस्तक लॉरेन ऑलिव्हर यांचे ‘डिलिरियम’, 2011 सालचे. इथे सरकारने प्रेमालाच आजार ठरवले आहे. अठरा वर्षे पूर्ण झाली की ऑपरेशन करून तो ‘आजार’ काढून टाकतात. लीना ही नायिका सुरुवातीला ऑपरेशनची वाट पाहत दिवस मोजत असते. तिला वाटते, त्यानंतर दुःख नाही, भीती नाही. पण हळूहळू वाचकाच्या ध्यानात येते की ऑपरेशन झालेल्या आया मुलांना जवळही घेत नाहीत. नको ती भावना कापून काढायला गेले तर ममताही सोबत जाते. मुलांना सांभाळायचे म्हणून त्यांचे मनच बंद करून टाकणाऱ्या पालकांनी हे पुस्तक जरूर वाचावे.

तिसरे, स्कॉट वेस्टरफेल्ड यांचे ‘अग्लीज’, 2005 सालचे. सोळा वर्षे पूर्ण झाली की प्रत्येकावर शस्त्रक्रिया करून त्याला सुंदर बनवले जाते. सगळे सारखे देखणे, म्हणून हेवा नाही, भांडण नाही. टॅली ही नायिका त्या दिवसासाठी अधीर आहे. पुढे तिला कळते की शस्त्रक्रियेत चेहऱ्याबरोबर मेंदूतही बदल केला जातो आणि माणसे विचार करेनाशी होतात. डेव्हिड नावाचा मुलगा तिला आहे तशीच सुंदर म्हणतो, तेव्हा तिला ते खरेच वाटत नाही. गोरेपणाच्या क्रीमच्या जाहिराती आणि मोबाईलमधले चेहरा उजळवणारे फिल्टर यांच्यात वाढणाऱ्या आपल्या मुलींना टॅली परकी वाटणार नाही. ‘रंग थोडा सावळा आहे’ हे वाक्य त्यांनी घरातच ऐकलेले असते.

विज्ञानकथा आणि मुस्लिम मुलगी यांचे नातेही जुने आहे. बेगम रुकैया सखावत हुसेन यांची ‘सुलतानाज ड्रीम’ ही इंग्रजी कथा 1905 साली मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये छापून आली. त्यात प्रेमकहाणी नाही. पण सूर्याच्या उष्णतेवर चालणारा स्वयंपाक आहे, उडणारी वाहने आहेत, स्त्रियांची विद्यापीठे आहेत. आणि तिथल्या राणीने हुकूम काढला आहे की एकवीस वर्षांच्या आत कोणत्याही मुलीचे लग्न होणार नाही. पुढे 1911 साली याच बेगम रुकैयांनी कलकत्त्यात मुस्लिम मुलींसाठी शाळा चालवायला घेतली. भविष्याचे स्वप्न लिहिणे आणि वर्तमानात शाळा काढणे, ही दोन्ही कामे एकाच बाईने केली.

या कादंबऱ्यांत दोष नाहीत असे मुळीच नाही. सोळा वर्षांच्या मुलीला काही आठवड्यांत जन्माचे प्रेम सापडते, हे प्रत्यक्ष आयुष्यात फार क्वचित घडते. निर्णय स्वतः घेणे म्हणजे सगळ्यांना सोडून पळून जाणे, असाही समज त्यातून होऊ शकतो. सरकारी यंत्राचा हुकूम आणि आईवडिलांचा सल्ला यांत फरक आहे. हुकूम ऐकावाच लागतो, सल्ल्यावर बोलता येते. हा फरक मुलीला समजावून सांगायचा तर आपला सल्ला खरोखर सल्ला असायला हवा. शिवाय सगळी पुस्तके एकसारखी नसतात. काहींमधली शारीरिक वर्णने लहान वयाला योग्य नसतात. म्हणून नाव पाहून नव्हे, आतली पाने वाचून ठरवावे.

शिक्षिका म्हणून माझी माता-भगिनींना विनंती एवढीच की पुस्तक हिसकावू नका, मागून घ्या. इंग्रजी येत नसेल तर मुलीलाच म्हणा, “रोज एक प्रकरण मला मराठीत किंवा उर्दूत सांग.” भाकऱ्या थापतानाही ऐकता येते. तिची भाषा पक्की होईल आणि तुम्हाला तिचे मन कळेल. मग सहज विचारा, कॅसियाच्या जागी तू असतीस तर काय केले असतेस? झँडर तुला कसा वाटला? तिच्या आईने काय करायला हवे होते?

उत्तर ऐकताना मध्ये बोलू नका. पुस्तकातल्या मुलीचे नाव घेऊन ती कदाचित स्वतःविषयीच बोलत असेल. उद्या तिच्यासाठी पैगाम येईल, तेव्हा ‘अम्मीला सांगता येते’ एवढा भरवसा तिच्याजवळ असला पाहिजे. अब्बूंनीही या गप्पांत बसावे.