इस्पितळातला करोना : धोका कोणाला जास्त?



२०२० च्या वसंतात आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या ओळखीतले कोणी ना कोणी इस्पितळात गेले. काही घरी आले, काही आले नाहीत. "तसा काही आजार नव्हता हो, थोडी शुगर होती इतकंच" हे वाक्य तेव्हापासून मी इतक्यांदा ऐकले की त्यावर लिहायचे ठरवले. मी डॉक्टर आहे ती रसायनशास्त्रातली, औषधे देणारी नव्हे. तेव्हा औषधोपचार आपल्या जीपीलाच विचारावा. आकड्यांचा अर्थ मात्र सांगू शकते.

ब्रिटनमध्ये ६ फेब्रुवारी ते १९ एप्रिल २०२० या काळात २०८ इस्पितळांतल्या २०,१३३ करोना रुग्णांची माहिती गोळा झाली. लिव्हरपूल, एडिंबरा आणि लंडनचे इंपीरियल कॉलेज येथील संशोधक त्यात होते. रुग्णांचे मध्यम वय ७३ होते आणि दर दहांत सहा पुरुष. माहिती घेतली तेव्हा २६ टक्के दगावले होते, ४१ टक्के घरी गेले होते, बाकीचे अजून खाटेवरच होते. वाढते वय हा सर्वांत मोठा धोका. त्यानंतर पुरुष असणे, लठ्ठपणा, आणि हृदय, फुप्फुसे, मूत्रपिंड किंवा यकृताचा जुना विकार.

आपल्या लोकांचे काय? याच प्रकल्पाच्या पुढच्या माहितीत असे दिसले की दक्षिण आशियाई रुग्ण गोऱ्या रुग्णांपेक्षा सरासरी १२ वर्षांनी तरुण होते, तरी वय वगैरे हिशेबात धरून त्यांच्यातला मृत्यूचा धोका सुमारे एक पंचमांशाने जास्त निघाला. त्यांच्यापैकी ४० टक्क्यांना मधुमेह होता, गोऱ्यांमध्ये २५ टक्क्यांना. मधुमेहाने हा फरक सगळा समजत नाही, थोडाच समजतो. पण "थोडी शुगर" असा आजार कोणत्याच नोंदवहीत नसतो. मधुमेह असतो किंवा नसतो. दाखल होताना तो सांगायचा राहिला तर डॉक्टरांचा अंदाज चुकतो.

हा अंदाज करण्यासाठी सप्टेंबर २०२० मध्ये एक गुणपत्रिका प्रसिद्ध झाली, फोर-सी स्कोअर नावाची. त्यात आठच गोष्टी आहेत : वय, स्त्री की पुरुष, जुने आजार किती, मिनिटाला श्वास किती, रक्तातला प्राणवायू, शुद्ध, युरिया आणि सीआरपी. एकूण गुण २१, आणि इथे जास्त गुण म्हणजे वाईट. तीनपर्यंत गुण असलेल्यांत सुमारे १ टक्का दगावले. ४ ते ८ मध्ये १० टक्के, ९ ते १४ मध्ये ३१ टक्के, १५ किंवा त्याहून जास्त गुणांत ६२ टक्के.

बहात्तर वर्षांचे एक गृहस्थ घ्या. मधुमेह आणि हृदयविकार. वयाचे ६, पुरुष म्हणून १, दोन आजारांचे २, म्हणजे इस्पितळाच्या दारातच ९ झाले. प्राणवायू ९२ च्या खाली (२), श्वास २४ (१), युरिया ८ (१), सीआरपी १२० (२), एकूण १५. हेच चार आकडे घेऊन पंचेचाळीस वर्षांची निरोगी बाई आली तर तिचे गुण फक्त ६. हे टक्के लसीपूर्वीच्या पहिल्या लाटेतले आहेत, आज ते तसेच लागू करू नयेत. आणि ते समूहाचे आहेत. आपले बाबा कोणत्या बाजूला पडतील हे त्यातून कळत नाही.

युरिया आणि सीआरपी हे दोन्ही यकृतात तयार होतात. युरिया बाहेर टाकायचे काम मूत्रपिंडांचे, म्हणून तो चढला तर मूत्रपिंडे थकली किंवा अंगातले पाणी कमी झाले असा संशय येतो. सीआरपी शरीरातल्या दाहाची चुगली करते. दोन्ही आजाराच्या खुणा आहेत, आजार नव्हेत. सलाइन लावून युरिया उतरला म्हणून फुप्फुसे बरी होत नाहीत.

भारतातून व्हॉट्सअॅपवर रिपोर्ट येतात तेव्हा एक गोंधळ हमखास होतो. तिकडे युरिया मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये लिहितात, इकडे मिलिमोल प्रति लिटरमध्ये. तिकडच्या आकड्याला ६ ने भागा. पुण्याचा ४२ म्हणजे इथला ७, आणि गुणपत्रिकेत ७ पासून गुण सुरू होतात. मात्र रिपोर्टवर 'बीयूएन' लिहिले असेल तर तो युरियामधला फक्त नायट्रोजन, त्याला २.८ ने भागावे. २०२१ मध्ये फोनवर सर्वांच्या तोंडी असलेला "पंचवीसपैकी बारा" हा स्कोअर वेगळाच. तो सीटी स्कॅनवरून फुप्फुसांच्या पाच भागांना प्रत्येकी पाचपर्यंत गुण देऊन काढतात. या एकविसात त्याला जागा नाही.

घरी तपासता येण्याजोगी गोष्ट प्राणवायूची. बोटाला लावायच्या यंत्रावर ९२ किंवा कमी दिसले तर ९९९ ला फोन करावा, दम लागत नसला तरी. काहींना खरोखरच दम लागत नाही आणि ते आरामात चहा पीत बसतात! सावळ्या त्वचेवर हे यंत्र थोडे जास्त आकडा दाखवू शकते, म्हणून ९३-९४ वरही स्वस्थ बसू नये, १११ ला विचारावे.

राहता राहिले स्टिरॉइड. ऑक्सफर्डच्या रिकव्हरी चाचणीत जून २०२० मध्ये दिसले की रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि प्राणवायू लागलेल्यांतले एक पंचमांशाने घटले. ज्यांना प्राणवायू लागला नव्हता त्यांना फायदा झाला नाही. या गोळीने साखर मात्र चढते. २०२१ मध्ये महाराष्ट्रात काळ्या बुरशीने ज्यांचे डोळे आणि जबडे गेले, त्यांत मधुमेही आणि स्टिरॉइड घेतलेले फार होते. म्हणून गावाहून येताना कोणी "घरात असू द्या" म्हणून या गोळ्या आणल्या तर त्या इथल्या फार्मसीत परत द्याव्यात. त्याऐवजी आई-बाबांच्या आजारांची आणि औषधांची इंग्रजीत लिहिलेली यादी फ्रिजवर चिकटवावी. रात्री दोन वाजता पॅरामेडिक विचारतो तेव्हा गोळ्यांची नावे कोणालाच आठवत नाहीत.