जुना नकाशा : रद्दी की रोकड?

जुनी पुस्तके, फर्निचर आणि भंगार यांच्या धंद्यातील आपल्या बांधवांच्या हाती कधी कधी जुना छापील नकाशा येतो आणि बहुधा गठ्ठ्याच्या भावात निघून जातो. तो देण्यापूर्वी एकदा उजेडात धरून पाहावा, असे आम्ही सुचवतो.

केवळ जुनेपणावर किंमत ठरत नाही. एकोणिसाव्या शतकातील शालेय अ‍ॅटलासांची पाने ढिगाने छापली गेली. त्यांना आजही फारसा भाव नाही. नकाशा कोणाचा, कोणत्या छपाईचा, कोणत्या मुलखाचा आणि प्रती किती उरल्या, हे गिऱ्हाईक पाहते. जहांगीर बादशहाच्या दरबारी आलेला इंग्रज वकील सर टॉमस रो याच्या माहितीवरून विल्यम बॅफिनने १६१९ साली मोगल साम्राज्याचा नकाशा तयार केला. तो मूळ छपाईत अतिशय दुर्मिळ आहे. अ‍ॅम्स्टरडॅमच्या ब्लाऊ घराण्याने त्याच्याच आधारे काढलेला नकाशा मात्र बाजारात अधूनमधून दिसतो. मुलूख तोच, भावात मोठी तफावत. ‘अमेरिका’ हे नाव प्रथम वापरणाऱ्या १५०७ च्या नकाशाची एकच प्रत उरली आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २००३ साली तिच्यासाठी एक कोटी डॉलर मोजले.

आता पारख. त्या काळचे बहुतेक नकाशे तांब्याच्या पत्र्यावर कोरून, ओल्या कागदावर दाबून छापत. त्यामुळे नकाशाभोवती पत्र्याच्या कडेची दबलेली चौकट बोटाला लागते. कागद उजेडासमोर धरला की समांतर रेषा आणि कधी कारखान्याचे जलचिन्ह दिसते. भिंगाखाली रंगाचे बारीक ठिपके दिसले, तर ती अलीकडची यंत्रावरची नक्कल समजावी. मात्र दगडावरून छापलेल्या नकाशांना दबलेली चौकट नसते. तेवढ्यावरून माल खोटा ठरवू नये. जुना हिरवा रंग बहुधा तांब्याच्या गंजाचा असे. तो कागद खातो आणि मागे तपकिरी डाग उमटतो. हा डाग गिऱ्हाइकाला उलट खात्री देतो.

फ्रेमवाले आणि बाइंडर बांधवांना खास विनंती. काचेत बसावा म्हणून कडा कापू नका, लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. हौसेने नवे रंगही भरू नका. चांगल्या नकाशाची किंमत अशाच ‘सफाई’त मरते. अ‍ॅटलास फोडून पाने सुटी विकण्याची चाल परदेशात जुनी आहे. नफा होतो खरा, पण पुस्तक कायमचे जाते. आम्हाला ती पसंत नाही.

माल कुठून आला, हे लिहून ठेवावे. २००५ साली फोर्ब्स स्मायली नावाचा नामांकित अमेरिकन व्यापारी येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात नकाशे कापून चोरताना पकडला गेला. अनेक ग्रंथालयांतून ९७ नकाशे चोरल्याचे त्याने कबूल केले. आपल्याकडे १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांवरील वस्तू, तसेच ऐतिहासिक मोलाची ७५ वर्षांवरील कागदपत्रे पुरावस्तू ठरतात. त्यांच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. परदेशी गिऱ्हाईक दारात उभे असेल, तर पैसे घेण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडे विचारणा करावी.